अंपायरला चहा नाही

कूलरला नवं गवत बसवलं, टाकीत पाणी सोडलं आणि पंखा सुरू झाल्यावर तो पहिला ओलसर, गोठ्यासारखा वास घरभर पसरला की आमच्याकडे उन्हाळा आला असं धरायचं. जालन्यात उन्हाळा असा हळूहळूच कळतो. आधी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके द्यायला लागतं, मग नळाची पाळी लांबते, आणि मग एके संध्याकाळी कॉलनीतल्या सगळ्या घरांतून एकाच वेळी आरोळी उठते. क्रिकेटचा मोठा हंगाम सुरू झालेला असतो.

यंदाही झालाय. शेजारी चौकार गेला की आमच्या भिंतीतून ऐकू येतं. आमचा टीव्हीही सुरूच असतो, पण आप्पांनी त्यावर कीर्तन लावलेलं असतं, आणि कीर्तनाकडे ते बघत नाहीत. शेजारच्या आरोळीवर त्यांचा कान आहे हे मला दिसतं. मी विचारते, लावू का मॅच? ते म्हणतात, राहू दे. मग मी स्वयंपाकघरात जाते आणि मला कळत नाही की मी कशावर चिडले आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. भोकरदन डेपोला एसटीत कंडक्टर होते. गाव धावडा. आई गेल्यानंतर गुडघ्यांचं निमित्त करून मी त्यांना इकडे आणलं, आणि आणल्यावर लक्षात आलं की आमच्या कॉलनीत दिवसभर बोलायला माणूस नाही. जन्मभर गर्दीत उभं राहून लोकांना पुढे सरकवणारा माणूस फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे चाललात म्हणून विचारायचा. लोक गडबडून जायचे. शहरात असं कुणी विचारत नाही.

त्यांना यातून बाहेर काढलं ते आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्यांनी आप्पांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप घालून दिलं. ज्यात दोन्ही संघांतले खेळाडू निवडून आपण आपले अकरा बनवायचे, थोडे पैसे भरायचे आणि गुणांवर जिंकायचं किंवा हरायचं, ते. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चौकातल्या मोठ्या फलकावर नामवंत खेळाडू हसत हसत तेच सांगत होते. टीव्हीवर दर षटकानंतर तीच जाहिरात. शेवटी एक माणूस अशा घाईने काहीतरी बोलून जायचा की त्याची गाडीच सुटत असावी. ‘सवय लागू शकते, जोखीम आहे’ असलं काहीतरी. आप्पा म्हणाले, तिकिटाच्या मागचं बारीक छापलेलं कोण वाचतं? इतकी वर्षं तिकिटं फाडली, एकानंही वाचलेलं नाही.

खरं सांगायचं तर तो उन्हाळा आमच्या घरातला फार चांगला उन्हाळा होता. हे लिहिताना मला अवघडतं, पण होता. आप्पा पहाटे उठून पेपर वाचायचे. कुठल्या मैदानावर चेंडू थांबून येतो, कोणाचा खांदा दुखतोय, कोण कोणासमोर नेहमी बाद होतो, हे सगळं त्यांच्या तोंडावर. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात उगवणीच्या खोलीत काम करते. आमचं घर त्याच रस्त्यावर आहे. सकाळच्या पाळीला निघालेले रोलिंग मिलचे कामगार आमच्या फाटकाशी मोटारसायकल थांबवायचे, एक पाय खाली टेकवून विचारायचे, आप्पा, आज कॅप्टन कोण घेऊ? आप्पा चष्मा वर सरकवून विचार करायचे. फाटकाशी तीन-तीन गाड्या उभ्या असायच्या. मागून एखादा टेम्पो हॉर्न वाजवायचा, मग त्याचा ड्रायव्हरही मान बाहेर काढून उत्तर ऐकून जायचा. भोकरदनच्या बसस्टँडवर असायची तशी गर्दी आप्पांना पुन्हा मिळाली होती.

मॅच बघताना मात्र त्यांचं काय चाललंय ते कळायचं नाही. फलंदाज बाद झाला की टाळी वाजवायचे आणि त्याच दमात अरेरे म्हणायचे, कारण गोलंदाजही त्यांचा आणि फलंदाजही त्यांचाच. मी एकदा विचारलं, आप्पा, तुम्ही नक्की कोणाकडून?

“दोन्हीकडचे माझेच हायेत, माय,” ते म्हणाले. “अंपायरचं तसंच आसतं.”

मला हे पटलं होतं. हसू आलं होतं आणि पटलंही होतं.

आता अंपायरचं सांगायला हवं. धावड्यात रब्बीची पिकं निघाली की गायरानावर टेनिस बॉलची स्पर्धा होते. ट्रॅक्टरमागे रोलर ओढून खेळपट्टी करतात, चुन्याने रेघा मारतात, निंबाला भोंगा बांधतात. बक्षिसात ढाल असते आणि एक बोकड असतो. तो बोकड दिवसभर मंडपाच्या खांबाला बांधलेला राहतो आणि पोरं त्याला कडबा चारून अजून जड करतात. आजूबाजूच्या गावांचे संघ टेम्पो भरून येतात. अंपायर मात्र वर्षानुवर्षं दोनच. एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला भोकरदनचे इस्माईलभाई. इस्माईलभाईंचं कपडे शिवायचं दुकान आहे, आणि स्पर्धेच्या दिवशी दोघांचे पांढरे शर्ट त्यांनीच शिवलेले असतात.

त्या मैदानावर एक रीत आहे. अंपायरने कुणाचं काही खायचं नाही, प्यायचं नाही. फार पूर्वी म्हणे एका अंपायरने सकाळी एका कप्तानाच्या घरी शिरा खाल्ला होता. दुपारी त्याच कप्तानाला त्याने नाबाद दिलं, आणि मग दोन गावांत जे झालं त्यात शिऱ्याची ताटलीसुद्धा पंचायतीत आणली गेली. तेव्हापासून ही रीत. आप्पा स्वतः गावचे, म्हणून त्यांनी ती जास्तच कडक पाळली. घरून भाकरी, घरून पाणी. चुलतभावाच्या घरचा घोटही नाही. चहाचा ट्रे मैदानाभोवती फिरायचा आणि आप्पांपाशी आला की न थांबता पुढे जायचा. त्यांना कुणी विचारतही नसे. विचारणं म्हणजे अपमान. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा. सगळ्यांच्या हातात कप आणि माझ्या बापाच्या हातात नाही.

मागच्या उन्हाळ्यातही मी त्यांच्यासोबत गेले होते. फडक्यात भाकरी बांधली, ठेचा ठेवला, पाण्याची बाटली ओल्या कापडात गुंडाळली. आप्पांनी चहा घेतला नाही, गूळ घेतला नाही, कुणाच्या छत्रीखालीही बसले नाहीत. फोन मात्र शर्टाच्या खिशात तसाच राहिला. तो कुणाकडे ठेवायला द्यायचं ना त्यांना सुचलं ना मला. रीत शिऱ्याच्या काळातली होती. तिच्यात फोन कुठून येणार?

अंतिम सामना होता. धावड्याचा कप्तान ज्ञानू खेळत होता, सामना त्याच्याच हातात होता. शेवटचं षटक. चेंडू बॅटच्या बाजूने गेला, यष्टिरक्षकाने झेलला, आणि सगळे ओरडले. आप्पांनी नेहमीसारखं जरा थांबून बोट वर केलं. आणि त्याच घटकेला त्यांच्या खिशातला फोन वाजला.

त्या अ‍ॅपचा एक ठरलेला आवाज होता, नाणी सांडल्यासारखा. दूर कुठल्यातरी शहरात दुपारची मॅच सुरू होणार होती, तिच्यासाठी संघ लावायची आठवण. धावड्याच्या सामन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण तो आवाज मैदानावरच्या प्रत्येक तरुणाच्या ओळखीचा होता, कारण तो प्रत्येकाच्या खिशात होता. मंडपातून कुणीतरी म्हणालं, आप्पानं बी लावलंय वाटतं. लोक हसले. हसता हसता गप्प झाले. ज्ञानूने बोटाकडे पाहिलंच नाही. त्याने खिशाकडे पाहिलं आणि बॅट काखेत मारून निघून गेला.

धावड्याचा संघ हरला. बोकड दुसऱ्या गावाच्या टेम्पोत चढला. आणि कुणी भांडलं नाही. एरवी आप्पांच्या निर्णयावर लोक तास-तास भांडायचे, आईबाप काढायचे, आणि शेवटी आप्पानं दिलंय म्हंजे दिलंय म्हणून गप्प बसायचे. त्या दिवशी सगळे आप्पांशी फार नीट बोलले. निघताना पाया पडले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, चला, बरं झालं, वाद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी फोन ह्यांच्यापुढे ठेवला आणि ते काढून टाका म्हणाले. ह्यांनी समजूत घातली. अहो आप्पा, बेकायदेशीर थोडंच आहे, सरकार त्यावर कर घेतं, कोर्टाने त्याला कौशल्याचा खेळ म्हटलंय. आप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, बराबर आहे तुमचं. पण काढा.

मग पावसाळ्यात दिल्लीहून कायदा आला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. चौकातला फलक उतरला, त्या जागी सिमेंटची जाहिरात आली. टीव्हीवरचा घाईत बोलणारा माणूसही गेला, त्याला शेवटी त्याची गाडी मिळाली असावी. ह्यांच्या फोनमधलं अ‍ॅप आपोआप काम करेनासं झालं. आप्पांनी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे, असं त्यात होतं. खेळणारा हा पीडित समजावा असंही काहीसं होतं.

“म्हंजे मी पीडित हाय का गं?” आप्पांनी मला विचारलं. ते चेष्टा करत नव्हते.

मला स्वतःलाच यातलं काही धड उमगत नाही. आप्पा खेळले तेव्हा ते रीतसर होतं. आप्पांनी सोडलं तेव्हाही रीतसरच होतं. ते बेकायदेशीर झालं तेव्हा आप्पा त्यात नव्हते. मग त्यांचं चुकलं कधी? की चुकलंच नाही? आमच्या राज्यात जुगाराचा जुना कायदा होताच. मॅचवर सट्टा लावणाऱ्यांना पोलीस तेव्हाही धरत होते. त्याच पेपरात एका पानावर धरलेल्या सटोड्याची बातमी आणि शेवटच्या पानावर अ‍ॅपची पानभर जाहिरात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही पानांच्या मध्ये नेमकी रेघ कुठे होती, हे तेव्हा कळत नव्हतं आणि रेघ पुसून नवी मारली तरी आता कळत नाही. आणि बंद तरी झालं का? आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोरं अजूनही मान खाली घालूनच असतात. आता म्हणे बाहेरच्या देशातून लिंक येते, नाव रोज बदलतं. त्याला कर नाही, जाहिरात नाही, शेवटी घाईने बोलणारा माणूसही नाही. कायदा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. आमच्याच उगवणीच्या खोलीतल्या एका मुलीच्या भावाचं या नादात लग्न मोडलंय, ती मुलगी कायद्याच्या बातमीवर रडली होती. चांगलंच झालं, असं मीही म्हणाले. आणि घरी आले तर फाटकाशी आप्पा एकटे बसलेले. एकही मोटारसायकल नाही.

माझं कामच असं आहे की मला उत्तराची सवय लागलीय. ओल्या कागदावर बी ठेवायचं, कागद गुंडाळायचा, ठरलेल्या दिवशी उघडायचा. कोंब आला तर आला, नाही तर नाही. त्या खोलीत ओल्या कागदाचा एक थंड वास असतो आणि त्या वासात सगळं स्पष्ट असतं. बाहेर आलं की काहीच स्पष्ट नसतं. तेच बी कुणाच्या रानात उगवतं, कुणाच्या नाही. त्याला कुणी जुगार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, हे त्या कोर्टाला तरी कसं कळलं असेल? मी हे ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, तू फार विचार करतेस, पोहे कर.

गेल्या पंधरवड्यात इस्माईलभाई आले. रामनवमीच्या जत्रेला जांब समर्थला गेलेल्या धावड्याच्या मंडळींनी त्यांच्याकडे निरोप दिला होता की यंदा अंपायर तेच दोघे. इस्माईलभाईंनी पिशवीतून नवा पांढरा शर्ट काढून आप्पांच्या मांडीवर ठेवला. माप न घेता शिवला होता. मी चहा ठेवला. घरात चहाला हरकत नसते.

आप्पांनी शर्टावरून हात फिरवला आणि म्हणाले, मी येत न्हाई. इस्माईलभाईंना हे अपेक्षित असावं. त्यांनी कप खाली ठेवला.

“मैंने सुना था आप्पा, आवाज आल्ता. बॅटको लगा था. औट था वो पोरगा, बिलकुल औट.”

मला वाटलं, हे एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आता शर्ट उचलतील.

“औट होता हे खरंच हाय, इस्माईलभाई,” आप्पा म्हणाले. “पण मी बघितलं का न्हाई, ते मला सांगता येऊन न्हाई राह्यलं. त्या ओव्हरला माझं एक मन खिशात गेल्तं. कॅप्टन बदलायचा राह्यला, हेच चालू होतं डोक्यात. बोट आपलं सवयीनं वर गेलं.”

मला तर हे आजवर माहीतच नव्हतं. मी वर्षभर समजत होते की लोकांनी विश्वास ठेवला नाही म्हणून आप्पा मिटून बसलेत. लोकांचा काही प्रश्नच नव्हता. आडतीवर पोत्यात परखी खुपसतात आणि आतले दाणे हातावर घेऊन बघतात, तसं माणसाच्या मनात कुठे खुपसणार आणि कोण बघणार? निर्णय बरोबर होता. मग इतकं कशाला लावून घ्यायचं, असं मला वाटलं. आणि दुसऱ्या घटकेला वाटलं की बरोबर निर्णय नुसता लागून गेला असेल तर तो निर्णय म्हणायचा की काय म्हणायचं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

शर्ट मात्र आप्पांनी परत दिला नाही. ठेवून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आप्पा स्वतःच म्हणाले, चल, बघून येऊ. मी सवयीने भाकरी बांधली, बाटली ओल्या कापडात गुंडाळली. आप्पांनी ते पाहिलं पण नको म्हणाले नाहीत. अंगात त्यांनी निळा चौकटीचा शर्ट घातला होता. पांढरा नाही. फोन त्यांनी आठवणीने टेबलावर ठेवला, आणि दाराबाहेर पडल्यावर परत जाऊन तो उपडा घातला.

गायरानावर तेच ऊन, तोच भोंगा, खांबाला नवा बोकड. आप्पांच्या टोकाला भोकरदनचाच कुणी तरुण अंपायर उभा होता. आप्पा निंबाखाली, लोकांमध्ये सतरंजीवर बसले. लोक सरकून जागा देत होते, जरा जास्तच. भोंग्यावरच्या माणसाने आप्पा आल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. आप्पांनी हात जोडले. त्यांना इतक्या लोकांत बसून सामना बघता येत नव्हता, हे मला दिसत होतं. ते सारखे मान तिरकी करून यष्ट्यांच्या रेषेत यायला बघत होते.

डाव संपल्यावर चहा आला. ट्रे ज्ञानूच्याच हातात होता. कप्तान असून तो स्वतः वाटत होता. सतरंजीवर एकेकाला कप देत तो आमच्यापर्यंत आला, मला दिला, आणि आप्पांना ओलांडून पुढच्या माणसाकडे वळला. मुद्दाम नाही. हात आपोआप वळला. पांढरा शर्ट असो नसो, या मैदानावर आप्पांना चहा विचारायचा नसतो, हे त्याच्या हातांना लहानपणापासून माहीत होतं. वर्षभर मी समजत होते की धावड्याने आप्पांना मनातून काढून टाकलं, आणि गाव तर अजून रीत पाळत होतं.

“ज्ञानू,” आप्पा म्हणाले, “मला न्हाई का चहा?”

ज्ञानू थांबला. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, आप्पा, लागल्ता तो बॉल, मला कळल्तं, मी बोललो न्हाई. आप्पांनी मान हलवली, जणू हवापाण्याची गोष्ट चालली होती. मग हात पुढे केला.

“दे. थंड व्हायलाय.”

आजूबाजूचे लोक बघत होते. तिकडे खेळपट्टीपाशी इस्माईलभाई नव्या डावासाठी बेल्स लावत होते. त्यांनी वळून पाहिलं आणि हातातली बेल तशीच धरून उभे राहिले. आप्पांनी कप दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली आणि प्यायला. पूर्ण प्यायला. अंपायरपण सोडून दिलं म्हणू, की त्यातून सुटले म्हणू, मला कळेना. मांडीवरची पाण्याची बाटली मी उगाच घट्ट धरून बसले होते.

इस्माईलभाईंनी बेल यष्ट्यांवर ठेवली आणि खेळ सुरू करायची खूण केली.

आप्पांनी रिकामा कप सतरंजीवर ठेवला आणि माझ्याकडे वाकून म्हणाले,

“लई गोड करतेत की गं चहा धावड्यात. मला कधी माहीतच न्हव्हतं.”